आपल्याच जिल्ह्यात प्रवासी छायाचित्रण : साताऱ्याच्या उदाहरणाने काही मार्गदर्शन

प्रवासातली छायाचित्रे काढायची तर लडाख, राजस्थान किंवा निदान हंपी तरी गाठले पाहिजे, असा समज तालुक्याच्या गावी राहणाऱ्या अनेक हौशी छायाचित्रकारांच्या मनात असतो. रजा, खर्च आणि घरच्या जबाबदाऱ्या यांतून असा प्रवास वर्षा-दोन वर्षांनी एकदा घडतो आणि मधल्या काळात कॅमेरा कपाटात पडून राहतो. वास्तविक लांबून येणाऱ्या पर्यटकाला न मिळणारी एक गोष्ट जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाकडे असते. एकाच जागी वेगवेगळ्या ऋतूंत आणि वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा जाणे त्याला शक्य असते. पर्यटकाला त्या दिवशी जे आकाश मिळेल त्याखालीच छायाचित्र काढावे लागते, तर स्थानिक माणूस हव्या त्या आकाशाची वाट पाहू शकतो. या लेखातील सर्व सूचना या एकाच सवलतीवर आधारलेल्या आहेत. उदाहरणे सातारा जिल्ह्यातील असली, तरी पद्धत कोणत्याही जिल्ह्यात वापरता येईल.

सातारा निवडण्यास कारणही तसेच आहे. या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर असून तेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेकडील माण आणि खटाव हे तालुके मात्र पर्जन्यछायेत येतात आणि तेथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तरी वर्ष बरे गेले असे मानतात. एसटीने एका दिवसात पार होणाऱ्या अंतरात दाट धुके, जांभ्याचे सडे (उघड्या खडकाची पठारे), कृष्णाकाठचे घाट, उसाची शेते आणि खिलार बैलांची माळराने पाहायला मिळतात. एवढी विविधता हाताशी असताना पहिला प्रश्न उभा राहतो, तो सुरुवात कोठून करायची हा.

विषय लहान घ्यावा

‘संपूर्ण जिल्हा’ हा विषय फार मोठा आहे आणि त्याच्या मागे लागल्यास सगळीकडची थोडी थोडी, एकसारखी चित्रे जमा होतात. त्यापेक्षा पहिल्या वर्षी एक तालुका किंवा एकच प्रकार निवडावा. जुन्या विहिरी, गावांच्या वेशी, देवळाच्या आवारात उघड्यावर उभे असलेले वीरगळ (वीरांच्या स्मृतिशिळा), आठवडी बाजार, नदीचे घाट यांपैकी कोणताही विषय चालेल. मात्र त्याच्या किमान आठ-दहा जागा आपल्या घरापासून अर्ध्या दिवसात जाऊन येण्याजोग्या असाव्यात. वाई तालुका घेतला, तर वाईचे घाट, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागचा घाट एवढेच एका वर्षाला पुरून उरेल. मेणवलीच्या घाटावरील मोठी घंटा पोर्तुगीजांच्या चर्चमधली असून, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते. अशी माहिती जाण्यापूर्वी वाचलेली असली, की घाटावर सगळ्यांची नजर पाण्याकडे जात असताना आपली नजर त्या घंटेकडेही जाते.

निवडलेल्या प्रत्येक जागेसाठी वहीत एक पान ठेवावे. ती वास्तू किंवा ते दृश्य कोणत्या दिशेला तोंड करून आहे, सकाळी ऊन कोणत्या बाजूने येते, विजेच्या तारा किंवा फ्लेक्सचे फलक कोठे आड येतात, पहिली आणि शेवटची गाडी किती वाजता आहे, एवढ्या नोंदी पहिल्याच भेटीत कराव्यात. पहिल्या भेटीत चांगले चित्र मिळालेच पाहिजे असा हट्ट धरू नये. ती भेट पाहणीची समजावी. माझ्या मते हौशी छायाचित्रकारांनी सर्वांत जास्त टाळलेले आणि सर्वांत जास्त फळ देणारे काम हेच आहे.

गाड्यांच्या बाबतीत एक विशेष सूचना. डोंगरकपारीच्या गावांत पहाटेचा प्रकाश हवा असेल, तर सकाळी घरातून निघून उपयोग होत नाही. संध्याकाळी त्या गावी जाणारी मुक्कामाची एसटी पकडावी, रात्री देवळात, शाळेच्या पडवीत किंवा ओळखीच्या घरी, अर्थातच आधी विचारून, राहावे आणि दुसऱ्या दिवशीच्या वडापने (प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाडीने) परतावे. स्वतःची दुचाकी असली तरी पावसाळ्यातल्या घाटात रात्रीच्या धुक्यातून ती चालवण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे.

सूर्याचा हिशेब

प्रवासी छायाचित्रणात कॅमेऱ्यापेक्षा सूर्याची जागा अधिक महत्त्वाची असते आणि ती आधी काढता येते. सातारा शहर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस येथे सूर्य ठीक पूर्वेला उगवत नाही. तो पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो आणि जूनच्या अखेरीस तितकाच उत्तरेकडे. म्हणजे उन्हाळ्यात ज्या देवळाच्या दाराशी सकाळचे ऊन थेट येते, त्याच दाराशी हिवाळ्यात ते येईलच असे नाही.

याचा प्रत्यक्ष उपयोग अजिंक्यताऱ्यावर दिसतो. किल्ला शहराच्या दक्षिणेला आहे. तेव्हा तटावरून शहर टिपताना आपले तोंड उत्तरेकडे असते. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरत असल्याने तो आपल्या पाठीशी किंवा बाजूला राहतो आणि शहरावर स्वच्छ ऊन पडते. मे-जूनमध्ये मात्र सकाळी तो ईशान्येकडून आणि संध्याकाळी वायव्येकडून येतो, त्यामुळे तो अर्धवट समोर येऊन दृश्य फिकट करतो. म्हणून शहराचा विस्तीर्ण देखावा नोव्हेंबर ते जानेवारीत घ्यावा. शक्यतो थंडीतला पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, कारण तेव्हा हवेतली धूळ खाली बसलेली असते.

दुसरी ध्यानात ठेवण्याची गोष्ट घड्याळाची आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे आणि सातारा ७४ अंशांवर आहे. त्यामुळे येथे सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, तर साधारण साडेबाराच्या सुमारास. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर, तो बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या काठीची सावली पडत नाही. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. दुपारचे ऊन छायाचित्रणाला वाईट, हा नियम बहुतेक ठिकाणी खरा आहे. पण त्याला एक फार सुंदर अपवाद याच जिल्ह्यात आहे.

लिंबची बारा मोटांची विहीर

साताऱ्याच्या उत्तरेला लिंब गावाच्या शिवारात असलेली ही विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. आमराईला पाणी देण्यासाठी एकाच वेळी बारा मोटा चालवता येतील अशी तिची रचना आहे. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडलेली आयताकार बाजू, खाली उतरणारा रुंद जिना आणि मुख्य विहीर व आयताकार बाजू यांच्या मधोमध पाण्यावर उभारलेला छोटा महाल असे तिचे रूप आहे. व्यास सुमारे पन्नास फूट आणि खोली सुमारे एकशे दहा फूट सांगितली जाते.

आता सूर्याचा हिशेब येथे लावून पाहावा. डिसेंबरच्या अखेरीस साताऱ्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे एकोणपन्नास अंशच वर चढतो. पन्नास फूट रुंदीच्या विहिरीत एवढ्या तिरक्या कोनातून आलेले ऊन पंचावन्न-साठ फुटांच्या खाली पोहोचू शकत नाही. तेव्हा हिवाळ्यात वरची निम्मी भिंत लख्ख आणि खालचा भाग गडद अशी स्थिती राहते आणि हा फरक कोणत्याही कॅमेऱ्याला जड जातो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र साडेबाराच्या सुमारास ऊन सरळ पाण्यावर पडते, पाण्यावरून परावर्तित होऊन कमानींच्या पोटाला खालून उजळते आणि दगडावरचे कोरीव काम वेगळ्याच बाजूने दिसू लागते. उन्हाळ्यात पाण्याची पातळीही उतरलेली असते, म्हणून एरवी बुडालेला बांधकामाचा भाग उघडा पडतो. हीच स्थिती ऑगस्टच्या आरंभीही येते, पण तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते. अर्थात, ढगाळ दिवसाचा मऊ, सावलीविरहित प्रकाश नक्षीचे तपशील टिपण्यासाठी उत्तमच. त्यामुळे मे महिन्यात संपूर्ण विहीर आणि पावसाळ्यात तिचे तपशील अशी वाटणी करून किमान दोनदा जावे.

छायाचित्र घेताना काळ्या पाषाणाने कॅमेऱ्याची फसगत होते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सर्व काही मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे बेसाल्टच्या काळ्या भिंतीला तो अनावश्यक उजळवतो, दगड राखाडी होतो आणि वरचे आकाश पांढरेफटक पडते. म्हणून मोबाइलवर उजळ भागावर बोट दाबून धरून एक्स्पोजर (चित्राला मिळणारा प्रकाश) स्थिर करावे आणि नंतर बोट खाली सरकवून चित्र थोडे गडद करावे. डीएसएलआरवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन दोन-तृतीयांश ते एक स्टॉप उणे ठेवावे (एक स्टॉप उणे म्हणजे प्रकाश निम्मा, एक स्टॉप अधिक म्हणजे दुप्पट). सावलीतला तपशील नंतर संगणकावर काढता येतो, पण जळून पांढरे झालेले आकाश परत आणता येत नाही. कॅमेऱ्यात रॉ फाइल (प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घेण्याची सोय असल्यास अशा ठिकाणी ती अवश्य वापरावी. तिपाई असेल तर एकाच चौकटीची तीन चित्रे, एक मध्यम, एक दोन स्टॉप गडद, एक दोन स्टॉप उजळ, घेऊन ती नंतर एकत्र करता येतात.

मोबाइलच्या अतिरुंद लेन्सने विहीर पूर्ण मावते खरी, परंतु कॅमेरा जरा खाली-वर झुकला की खांब तिरके होतात आणि कडेला उभी असलेली माणसे ताणल्यासारखी दिसतात. कॅमेऱ्यातील जाळीच्या रेषा चालू कराव्यात आणि महालाचा खांब उभ्या रेषेशी जुळवून घ्यावा. भव्यता दाखवायची असेल, तर जिन्यावरून उतरणारा एखादा माणूस चौकटीत असू द्यावा. त्याच्यावाचून एकशे दहा फूट खोली चित्रात वीस फुटांसारखी दिसते. वर काठावर मोटेच्या बैलांची धाव आणि पाणी पडण्याचे थारोळे कोठे असत, हेही शोधावे आणि टिपावे. बहुतेक अभ्यागत खाली उतरून परत जातात. विहीर प्रत्यक्षात चालत कशी होती हे सांगणारी चित्रे काठावरच मिळतात.

काठाजवळ कॅमेऱ्यातून पाहत मागे सरकू नये. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असते आणि जुन्या बांधकामांच्या कमानींत आग्या मोहोळ असण्याची शक्यता नेहमीच असते. तेथे धूर करू नये, मोठ्याने ओरडू नये आणि उग्र अत्तर लावून जाऊ नये.

कासचे पठार

शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास उंचीवर असलेले कासचे पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचा भाग म्हणून समाविष्ट झाले. जांभ्या खडकावरच्या मातीच्या पातळ थरात ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत फुलांचे ताटवे येतात. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे ही त्यांतली ठळक नावे. हंगामात प्रवेशाला शुल्क असते, रोजच्या अभ्यागतांच्या संख्येवर मर्यादा असते आणि आगाऊ नोंदणी करावी लागते. शनिवार-रविवारची गर्दी पुण्या-मुंबईहून येते. साताऱ्याच्या माणसाने मधल्या वारी, पाऊस थांबून ढग अजून खाली रेंगाळत असताना जावे.

फुलांच्या बाबतीत कडक उन्हापेक्षा ढगाळ हवा कितीतरी चांगली, कारण पाकळ्यांचे रंग ढगाखाली भरीव दिसतात. पठारावर वारा जवळजवळ सतत असतो. त्यामुळे जवळून फूल टिपताना शटरचा वेग एक-अडीचशेअंश सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवावा, वाऱ्याच्या दोन झोतांमधल्या क्षणाची वाट पाहावी आणि सलग पाच-सहा चित्रे घ्यावीत. कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणावा; उभ्याने वरून काढलेले फूल कोठलेही असू शकते, पण जमिनीलगत घेतलेल्या चित्रात मागचा सडा आणि त्यावरचे धुके येते आणि ते फूल कासचे होते. धुक्यात मात्र काळ्या दगडाच्या उलट घडते, म्हणजे मापक धुके करडे करून टाकतो. तेव्हा एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप अधिक द्यावे.

चित्रासाठी पाऊलवाट सोडू नये, हे येथे फार गांभीर्याने सांगावेसे वाटते. सीतेची आसवे ही वनस्पती इतकी नाजूक आणि बुटकी असते, की पाय तिच्यावर पडल्याचे पाय ठेवणाऱ्याला कळतही नाही. जांभ्यावरची माती बोट-दोन बोटेच असते. ती एकदा तुडवून घट्ट झाली की पुढल्या वर्षी तेथे फूल येण्याची शाश्वती राहत नाही. पाठीमागचे गवत उपटून ‘पार्श्वभूमी स्वच्छ’ करणे, फुलांवर पाणी शिंपडून दवाचा आभास आणणे हे प्रकारही टाळावेत. दुर्मीळ फूल किंवा पक्ष्याचे घरटे टिपले असेल, तर चित्र इतरांना पाठवण्यापूर्वी त्यातली स्थाननोंद काढून टाकावी. मोबाइल ती आपोआप चित्रात लिहीत असतो.

यात्रा, वारी आणि माणसे

जिल्ह्यातले वर्ष यात्रांनी बांधलेले आहे आणि त्यांच्या तिथी पंचांगावरून आधीच कळतात. पौषात पालीच्या खंडोबाची यात्रा, मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, रंगपंचमीला बावधनचे बगाड (नवस फेडणाऱ्याला लाकडी शिडाला टांगून नेणारा गाडा), चैत्रात शिखर शिंगणापूर, आषाढी वारीच्या दिवसांत नीरा ओलांडून जिल्ह्यात येणारी ज्ञानेश्वर माउलींची पालखी. प्रत्येक ठिकाणची अडचण वेगळी असते.

पालीला भंडारा आणि म्हसवडला गुलाल उधळला जातो. ही पूड लेन्सच्या कड्यांत आणि बटणांच्या फटींत शिरते, म्हणून तेथे लेन्स बदलू नये. घरून एकच लेन्स लावून जावे, कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी बांधून फक्त लेन्सचे तोंड उघडे ठेवावे आणि परतल्यावर ओल्या फडक्याने न पुसता आधी कोरड्या ब्रशने पूड झाडावी. ओले फडके लावल्यास हळदीचा रंग बसतो. शिवाय उन्हातला पिवळाधमक भंडारा कॅमेऱ्यात लगेच जळतो आणि त्याचा एक सपाट डाग होतो. त्यासाठी एक्स्पोजर नेहमीपेक्षा कमी ठेवावे म्हणजे उडणाऱ्या पुडीचे कण वेगळे दिसतात. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उन्हाकडे तोंड करून उभे राहिल्यास हे कण आतून उजळतात.

बावधनच्या बगाडाला कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावाकडे बैलांच्या जोड्या ओढत नेतात. येथे चित्रापेक्षा स्वतःची जागा आधी ठरवावी. बैलांच्या समोर किंवा बगाडाच्या चाकांच्या बाजूला कधीही उभे राहू नये. वाटेलगतच्या उंच बांधावर, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, सकाळीच जागा धरावी. वळणावर बैल, गाडा आणि शिडावरचा बगाड्या असे तिन्ही एका चौकटीत येतात.

वारीत तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि मधून अश्व धावतात. तो प्रसंग काही सेकंदांचाच असतो, म्हणून शटरचा वेग एक-हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवून, अश्व जेथून जाणार त्या जागेवर आधीच फोकस लावून ठेवावा. पण वारीचे छायाचित्रण म्हणजे रिंगण एवढेच नव्हे, आणि सगळ्यांनी काढलेले तेच चित्र पुन्हा काढण्यात फारसे हाशील नाही. नीरेच्या काठावर वाळत घातलेली धोतरे आणि लुगडी, लोणंदच्या मुक्कामात चुलीपुढे बसलेल्या बायका, दिंडीच्या मालमोटारीखाली दुपारची झोप घेणारे वृद्ध वारकरी, अशी चित्रे स्थानिक माणसाला सहज मिळतात, कारण तो संपूर्ण दिवस तेथे थांबू शकतो. पांढरे धोतर आणि टोपी भर उन्हात जळतात, तेव्हा तेथेही एक्स्पोजर थोडे उणे ठेवावे.

माणसांचे चित्र घेण्यापूर्वी विचारावे. ‘मावशी, एक फोटो काढला तर चालेल का?’ एवढे पुरते. बहुतेक वेळा उलट प्रश्न येतो, ‘कुठलं पाव्हणं?’ आणि आपण आपले गाव सांगितले, की त्या गावात दिलेली बहीण किंवा तिथला एखादा सोयरा निघतो. या ओळखीतून जो मोकळा चेहरा समोर येतो, तो लांबच्या लेन्सने चोरून टिपलेल्या चेहऱ्यात कधीच सापडत नाही. नाही म्हटले तर कॅमेरा खाली घ्यावा. अंघोळ करणारी माणसे, अंगात आलेल्या बायका, दुःखातले घर यांची चित्रे काढू नयेत, आणि लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारल्याशिवाय काहीही करू नये. देवळाच्या गाभाऱ्यात छायाचित्रणाला परवानगी आहे का, हे पुजाऱ्यांना विचारावे. परवानगी मिळाली तरी फ्लॅश न वापरता आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढवून समईच्या उजेडातच चित्र घ्यावे.

साहित्य

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण या विषयावर गरजेपेक्षा फार जास्त बोलले जाते. चार बाय सहा इंचांच्या उत्तम छापील प्रतीला सव्वादोन मेगापिक्सेल आणि ए-फोर आकाराला नऊच्या आसपास पुरतात. तेव्हा बारा मेगापिक्सेलचा साधा मोबाइल पहिल्या वर्षाला पुरेसा आहे. त्यात डिजिटल झूम वापरू नये आणि प्रत्येक वेळी लेन्स स्वच्छ सुती कपड्याने पुसावी. त्यापुढे जायचे असल्यास जुना डीएसएलआर, त्याच्यासोबतची १८-५५ मिलिमीटरची लेन्स आणि कमी उजेडासाठी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स एवढे पुष्कळ झाले. ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी काढणारा पोलरायझर फिल्टर पावसाळी जिल्ह्यात फार कामाचा आहे.

खरी काळजी दमटपणाची घ्यावी लागते. महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत चार महिने हवा इतकी ओली असते, की कापडी पिशवीत ठेवलेल्या लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते आणि ती काढणे खर्चिक असते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. रंग बदलणारे सिलिका जेल ओलसर झाल्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. कॅमेरा चामडी पिशवीत वर्षानुवर्षे बंद ठेवणे हे त्याला वापरण्यापेक्षा अधिक हानिकारक आहे.

घरी आल्यावर

त्याच रात्री चित्रांची निवड करू नये. त्या दिवसाची दमणूक आणि आनंद दोन्ही निवडीत डोकावतात. आठवडाभर थांबून पाहावे आणि एका भेटीतून पाच-सहाच चित्रे ठेवावीत. रंगसुधारणा मोबाइलवर स्नॅपसीडने किंवा संगणकावर डार्कटेबलने विनामूल्य करता येते. पावसाळ्यातला हिरवा रंग मुळातच गडद असतो, त्याला आणखी भडक करण्याचा मोह आवरावा; माणच्या माळाचा फिका, धुरकट पिवळा रंग तसाच राहू द्यावा, कारण तो त्या भूमीचा खरा रंग आहे.

दृष्टी घडवण्यासाठी औंधला जाऊन यावे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्मा यांच्यासह अनेक चित्रकारांची चित्रे आहेत. चेहऱ्यावर उजेड कोणत्या बाजूने घेतला आहे, सावली कोठे सोडली आहे, पार्श्वभूमी किती मोजकी ठेवली आहे, एवढे तीनच प्रश्न घेऊन प्रत्येक चित्रापुढे उभे राहावे. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत न मिळणारे शिक्षण तेथे मिळते.

संग्रहाची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी. प्रत्येक भेटीचा वेगळा फोल्डर करून त्याला वर्ष, महिना, तारीख आणि गावाचे नाव या क्रमाने नाव द्यावे. चित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात आणि त्यांतली एक शक्यतो दुसऱ्या घरी असावी. केवळ मोबाइलमध्ये असलेली चित्रे जपलेली आहेत असे समजू नये. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र आक्रसते. मूळ आकारात पाठवायचे असल्यास ते डॉक्युमेंट म्हणून जोडावे. गावातील मंदिरे, वेशी, विहिरी यांची चांगली चित्रे विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली देता येतात, म्हणजे मराठी विकिपीडियावरील त्या गावाच्या लेखात ती वापरली जातात. आजही अनेक गावांच्या लेखांना एकही चित्र नाही आणि ही उणीव त्या तालुक्यातल्या माणसाइतकी दुसरा कोणी भरून काढू शकणार नाही.

ज्यांची चित्रे काढली, त्यांना छापील प्रत द्यावी. तालुक्याच्या कोणत्याही स्टुडिओत ती अल्प खर्चात निघते आणि पुढच्या खेपेस त्या घरचे दार आपोआप उघडते. प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने व्यक्तीचे नाव, गाव, तालुका, तिथी आणि वर्ष लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, तर शाईच्या पेनने लिहिलेले पावसाळ्यात दुसऱ्या चित्राला चिकटते. तालुक्याचे नाव न विसरता लिहावे, कारण एकाच नावाची दोन-तीन गावे याच जिल्ह्यात आढळतात आणि वीस वर्षांनी ते चित्र पाहणाऱ्याला त्यातले कोणते, हे केवळ त्या एका शब्दावरूनच कळेल.